जालियनवालाच्या तीन दिवस आधी: १० एप्रिल १९१९ ला अमृतसरच्या पुलावर नक्की काय झालं?

अनघा_वाचते

जालियनवाला बाग आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेली असते, १३ एप्रिल १९१९, बैसाखी, डायर, ती विहीर, आणि धडा संपतो. सध्या मी काँग्रेसने तेव्हा स्वतंत्र चौकशी करून लोकांच्या ज्या साक्षी नोंदवल्या त्या वाचतेय आणि त्यात माणसं सारखी १० तारखेबद्दल बोलतात. म्हणजे बागेबद्दल विचारलं तरी आधी पुलाची गोष्ट सांगतात, मग पुढचं. रेल्वेवरचा पूल, तिथे सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, त्यानंतर शहरात जाळपोळ झाली, बँकेतले इंग्रज मारले गेले वगैरे.

हे विचारायचं कारण म्हणजे एका ग्रुपवर एकाने लिहिलं की "आधी जमावाने पाच गोऱ्यांना ठार मारलं, एका बाईला मरेपर्यंत मारलं, म्हणून डायरला कडक वागावं लागलं." मला उत्तर देता आलं नाही कारण पाच इंग्रज मारले गेले हे तर खरंच आहे. पण साक्षींमध्ये क्रम वेगळा दिसतोय असं वाटतं. ज्यांनी नीट वाचलंय त्यांनी प्लीज सांगा, त्या दिवशी आधी काय आणि नंतर काय? आणि या साक्षींवर कितपत विश्वास ठेवायचा, दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं सिद्ध करायचंच होतं ना?

रानवारा

चांगला प्रश्न आहे, आणि क्रम हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा लांबण लावतो.

रौलट कायदा मार्च १९१९ चा. त्याविरुद्ध ३० मार्च आणि ६ एप्रिल असे दोन हरताळ झाले. दिल्लीत ३० मार्चला गोळीबार झाला होता पण अमृतसरमध्ये दोन्ही दिवस शांततेत गेले, हे लक्षात ठेवा. ९ एप्रिलला रामनवमी होती, तिची मिरवणूक निघाली आणि त्यात हिंदू-मुसलमान एकमेकांच्या भांड्यातून पाणी प्यायले, हे त्या काळात फार मोठं होतं. आपल्याला ते वाचून आनंद होतो, पण पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओडवायर याला त्यात धोका दिसला. शहरातले दोन पुढारी, डॉ. सत्यपाल आणि डॉ. सैफुद्दीन किचलू, यांना हद्दपार करायचा हुकूम त्याच्याकडून आला. १० तारखेला सकाळी डेप्युटी कमिशनर माइल्स अर्विंगने दोघांना आपल्या बंगल्यावर बोलावून घेतलं आणि तिथूनच मोटारीत बसवून थेट धर्मशाळेला रवाना केलं. त्यात गांधीजींनाही पंजाबात येऊ न देता पलवलला अडवून परत पाठवल्याची बातमी.

बातमी शहरात पसरली तशी दुकानं बंद झाली आणि लोक डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याकडे निघाले, आमचे डॉक्टर सोडा अशी फिर्याद करायला. साक्षींमध्ये या गर्दीचं वर्णन येतं, बऱ्याच जणांच्या डोक्याला पगडी नाही, पायात जोडे नाहीत, हातात काठ्या नाहीत. आता मुख्य गोष्ट, ही गर्दी नॅशनल बँकेवरून गेली, टाऊन हॉलवरून गेली, मिशनच्या इमारतीवरून गेली आणि कशालाही हात लावला नाही. त्याच बँका, तोच टाऊन हॉल काही तासांनी जळत होता.

मधे काय झालं तर पूल. शहर आणि गोऱ्यांची सिव्हिल लाईन्स यांच्या मधे रेल्वे आहे, पलीकडे जायचं तर पुलावरूनच, आणि तिथे सैनिकांचा पहारा बसवला होता. गर्दीला परत फिरायला सांगितलं, गर्दी पुढे रेटत राहिली, दगड आले, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, काही माणसं तिथेच मेली. मग मेलेल्यांना आणि जखमींना उचलून लोक शहराच्या बाजारातून घेऊन गेले आणि ते बघून शहराचा नूरच बदलला. लोक आता काठ्या-लाकडं घेऊन परत पुलाकडे निघाले. दुसऱ्यांदा गोळीबार झाला, त्यात पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं पडली.

बँका, पोस्ट, टाऊन हॉल, टेलिफोनची कचेरी आणि ते पाच खून हे सगळं पुलावर पहिलं रक्त सांडल्यानंतरचं आहे. म्हणजे त्या ग्रुपवरच्या माणसाने गोष्ट मधूनच सुरू केली आहे.

काळा_कोट

रानवारा यांनी क्रम बरोबर सांगितलाय. मी साक्षींच्या विश्वासार्हतेबद्दल बोलतो कारण कोर्टात रोज तेच काम.

चौकश्या दोन झाल्या. एक सरकारी, लॉर्ड हंटरच्या अध्यक्षतेखाली, ऑक्टोबर १९१९ मध्ये नेमलेली. त्यात तीन भारतीय सभासद होते, चिमणलाल सेटलवाड, जगत नारायण आणि सुलतान अहमद खान. दुसरी काँग्रेसची, त्यात गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि आपले मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. काँग्रेसने हंटर कमिटीसमोर साक्षी द्यायला नकार दिला कारण तुरुंगातल्या पुढाऱ्यांना तेवढ्यापुरतंही सोडायला सरकार तयार नव्हतं. याचा परिणाम असा झाला की पुलाच्या एका टोकाला उभ्या असलेल्यांचं म्हणणं एका अहवालात आहे आणि दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्यांचं दुसऱ्या. एकाच खोलीत, एकाच उलटतपासणीत दोघं समोरासमोर कधी आलेच नाहीत. वकील म्हणून मला याचं आजही वाईट वाटतं.

हंटर कमिटीच्या बहुमताच्या अहवालाने पुलावरचा गोळीबार योग्य ठरवला, काँग्रेसच्या अहवालाने अनावश्यक ठरवला. मग खरं कुठलं? माझं मत असं की दोन्हीकडच्या साक्षी जिथे एकमेकींना छेद देत नाहीत तिथून सुरुवात करावी. दगड पडले हे दोघंही मान्य करतात. गर्दीकडे बंदुका नव्हत्या हेही दोघंही मान्य करतात. बँका आधी फोडल्या आणि मग गोळीबार झाला असं सरकारी अहवालही म्हणत नाही. भांडण उरतं ते एवढ्यावरच की पुरेशी वॉर्निंग दिली का आणि गोळीशिवाय दुसरा मार्ग होता का.

आणि इथे मकबूल महमूद या हायकोर्टाच्या वकिलाची साक्ष वाचाच. तो आणि गुरदयालसिंग सलारिया नावाचे दुसरे वकील त्या दिवशी लोकांना शांत करून मागे न्यायला पुलावर गेले होते. तो सांगतो की आम्ही डेप्युटी कमिशनरला आणि ऑफिसरांना ओरडून सांगत होतो, तुम्ही मागे सरा, गोळी चालवू नका, आम्ही लोकांना परत नेतो. तेवढ्यात गर्दीतल्या काहींनी दगड आणि लाकडं फेकली आणि लगेच काही इशारा न देता गोळ्या सुटल्या, तो स्वतः थोडक्यात वाचला. बघा, दगड फेकले हे तो लपवत नाहीये. स्वतःच्या बाजूला अडचणीचं असलेलं जो साक्षीदार आपणहून सांगतो त्याचं उरलेलं म्हणणंही मी गांभीर्याने घेतो.

काँग्रेसच्या चौकशीत १७०० च्या वर साक्षीदार तपासले आणि त्यातल्या साधारण ६५० साक्षी छापल्या. अतिशयोक्ती वाटली की साक्ष बाजूला ठेवायची असा गांधीजींचा आग्रह होता. म्हणून ती कागदपत्रं भावनेच्या भरात लिहिलेली नाहीत, बऱ्याच साक्षी तर अगदी कोरड्या आहेत, इतक्या वाजता इथे होतो, हे पाहिलं, एवढंच.

सुधीर_के

सगळं पटलं पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय, राग मानू नका.

"पुलावर पहिलं रक्त सांडल्यानंतरचं" असं म्हटलं की ते पाच जण एका वाक्यात गुंडाळले जातात. नॅशनल बँकेचा मॅनेजर स्टुअर्ट आणि त्याचा असिस्टंट स्कॉट यांना बँकेतच बडवून मारलं आणि बँक पेटवली. अलायन्स बँकेच्या थॉमसनने पिस्तूल चालवलं पण त्यालाही मारलं. रॉबिन्सन रेल्वेचा गार्ड होता, रोलंड्स छावणीतला इलेक्ट्रिशियन. यातल्या एकानेही पुलावर गोळी झाडलेली नव्हती. मार्सेला शेरवूड ही मिशनच्या शाळांची बाई, सायकलवरून आपल्या शाळा बंद करायला निघालेली, तिला कूचा कुर्रिछांमध्ये गाठून मेली असं समजेपर्यंत मारलं. झनाना हॉस्पिटलमधल्या गोऱ्या डॉक्टरणीला शोधत लोक आत घुसले, ती जखमींना हसली अशी काहीतरी गोष्ट पसरली होती, ती लपून बसली म्हणून वाचली.

मला एवढंच म्हणायचंय की कारण सांगणं आणि माफ करणं यातली रेघ आपण पुसू नये. डायरचे समर्थक नेमकं उलट्या बाजूने तेच करतात, आधीच्या हिंसेचं कारण दाखवून पुढची हिंसा माफ करायची. आपण तेच करायचं का?

रानवारा

सुधीर, राग कसला, तुमचं बरोबर आहे, आणि ती नावं लिहिलीत ते फार चांगलं केलंत. काँग्रेसच्या अहवालातही जमावाच्या कृत्यांचा स्पष्ट निषेध आहे, तिथे काही झाकलेलं नाही. त्यांचं म्हणणं असं की गोळीबार झाला नसता तर हे घडलं नसतं, आणि तरीही जे घडलं त्याचं समर्थन होऊ शकत नाही. दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची.

शेरवूडबाईंचं पुढचंही सांगायला हवं, त्यांना त्याच गल्लीतल्या लोकांनी उचलून घरात घेतलं, लपवलं आणि त्यांचा जीव वाचवला. मारणारे अमृतसरचे आणि वाचवणारेही अमृतसरचे, एकाच दुपारी.

मीरा_जो

आणि त्याच गल्लीला नंतर शिक्षा मिळाली हे वाचून माझं डोकं सुन्न झालं होतं. ज्यांनी तिला वाचवलं त्यांनाच!

डायर ११ तारखेला संध्याकाळी जालंधरहून अमृतसरला आला. त्याच दिवशी दुपारी शहराने पुलावर मेलेल्यांच्या अंत्ययात्रा काढल्या होत्या, त्यालाही दोनच्या आत सगळं आटपायचं अशी अट. १३ ला बाग. मग १९ एप्रिलला त्याने हुकूम काढला की ज्या गल्लीत मिस शेरवूडवर हल्ला झाला तिथून जाणाऱ्या प्रत्येक भारतीय माणसाने पोटावर सरपटत जायचं, दोन्ही टोकांना गोरे सोल्जर उभे. गल्लीच्या मधे टिकटी उभी करून संशयित पोरांना फटके मारले. जवळजवळ आठवडाभर हे चाललं. त्या गल्लीत दोन्ही बाजूंना घरं होती, बहुतेकांना मागचं दार नाही, म्हणजे दूध आणायचं, वैद्याकडे जायचं, सगळं सरपटत. दिवसा सरपटायचं आणि रात्री कर्फ्यू. डायरला चौकशीत विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की मला स्त्रिया पवित्र वाटतात म्हणून ती जागा पवित्र मानायला लावली, आणि कुठलाही शहाणा माणूस तिथून जाईल असं मला वाटलंच नव्हतं. तिथे लोक राहतात हे त्याच्या डोक्यातही नव्हतं. एका आंधळ्या म्हाताऱ्याची साक्ष आहे, त्यालाही सरपटायला लावलं आणि वरून लाथा मारल्या.

बाकी मार्शल लॉमध्ये काय काय झालं ते लिहायला वेगळा धागा लागेल. गुजरांवालाचा फक्त उल्लेख करते, १४ एप्रिलला तिथेही जमाव, गोळीबार, जाळपोळ झाली आणि मग लाहोरहून विमानं पाठवून बॉम्ब टाकले, खालसा हायस्कूलच्या बोर्डिंगवरसुद्धा. वैमानिक कारबेरीने हंटर कमिटीसमोर हे स्वतः सांगितलंय. विशेष कोर्टांनी १०८ लोकांना फाशी सुनावली, बऱ्याच जणांची नंतर कमी झाली तरी सगळे वाचले नाहीत.

अनघा, साक्षींमध्ये रतनदेवींची वाचलीत का? नवऱ्याचं प्रेत शोधायला बागेत गेल्या आणि कर्फ्यूमुळे उचलायला कुणी येईना म्हणून रात्रभर तिथेच बसून राहिल्या, हातात बांबू, कुत्री हाकलायला. जखमी लोक त्यांना हाका मारत होते. मला दोनदा थांबून मग पूर्ण वाचावी लागली.

अनघा_वाचते

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. रतनदेवींची वाचली, त्यावर काही लिहवत नाही.

सुधीर, तुमचा मुद्दा मी जपून ठेवते, मला नेमकं तेच बोलता येत नव्हतं.

काळा_कोट, दोन शंका. डायरने एवढं सगळं स्वतःच्या तोंडाने कबूल कसं केलं, त्याला वकील नव्हता का, त्याला भीती वाटली नाही? आणि मकबूल महमूद हा पुढाऱ्यांच्या बाजूचाच माणूस ना, मग सरकारी बाजूने त्याला पक्षपाती म्हटलं तर काय उत्तर द्यायचं?

काळा_कोट

पहिल्याचं उत्तर. भीती वाटायचं कारणच नव्हतं. हंटर कमिटी कामाला लागायच्या आधीच, सप्टेंबर १९१९ मध्ये, इन्डेम्निटीचा कायदा पास झाला होता, म्हणजे मार्शल लॉच्या काळात ज्या अधिकाऱ्यांनी शांतता राखायच्या प्रामाणिक हेतूने काही केलं त्यांच्यावर खटला चालणार नाही. आधी संरक्षण आणि मग चौकशी. वर डायरला खात्री होती की त्याने कर्तव्यच केलं. १९ नोव्हेंबरला लाहोरला तो साक्षीला आला, सोबत वकील नाही. सेटलवाडांनी विचारलं की चिलखती गाड्या बागेत शिरल्या असत्या तर मशीनगन चालवली असती का, तो म्हणाला बहुधा हो. गोळीबाराशिवाय गर्दी पांगली असती का, तो म्हणाला कदाचित पांगलीही असती पण ते परत येऊन मला हसले असते. जखमींचं काय केलं, तर ते माझं काम नव्हतं, हॉस्पिटलं उघडी होती. ५० रायफली, साधारण १० मिनिटं, १६५० फैरी, हे आकडेही त्याच्या बाजूनेच आलेत. सरकारी मोजणीत ३७९ मेले, काँग्रेसच्या अंदाजाने हजाराच्या घरात.

सेटलवाडांची उलटतपासणी प्रत्येक लॉ स्टुडंटने वाचावी असं मला मनापासून वाटतं. आवाज न चढवता एकेक साधा प्रश्न, आणि समोरचा स्वतःच सगळं सांगत जातो. त्या साक्षीशिवाय बागेचं प्रकरण "जमावाला पांगवताना झालेली दुर्घटना" म्हणून फायलीत गेलं असतं. बहुमताच्या अहवालालाही त्यामुळे मान्य करावं लागलं की इशारा न देता गोळी चालवली आणि गर्दी पळायला लागल्यावरही चालू ठेवली हे चूक. मार्च १९२० मध्ये त्याची नोकरी गेली, शिक्षा मात्र काही नाही, उलट इंग्लंडात त्याच्यासाठी २६ हजार पौंडांवर फंड जमला.

सुधीर_के

यात ओडवायरला काहीच झालं नाही हे राहिलंच. दोन डॉक्टरांना उचलायचा हुकूम त्याचा, आणि बागेनंतर डायरला पाठिंबा कळवणाराही तोच. १३ मार्च १९४० ला उधमसिंगने लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये त्याला गोळी घातली तोपर्यंत तो आपलं बरोबरच होतं असं सांगत फिरत होता. उधमसिंगला ३१ जुलैला फाशी झाली. २१ वर्षांनीसुद्धा त्या एप्रिलची हिंसा संपलेली नव्हती.

मीरा_जो

+१. आणि लोक उधमसिंग म्हणजे डायरला मारणारा असंच समजतात, डायर १९२७ मध्ये आजारपणाने मेला. उधमसिंगने मारला तो ओडवायर.

काळा_कोट

अनघा, तुमची दुसरी शंका राहिली होती, मकबूल महमूद पक्षपाती का.

त्याच्या साक्षीत पुढे एक भाग आहे जो लोक सहसा सोडून देतात. मार्शल लॉ चालू असताना पोलिसांनी त्याला बोलावलं आणि रॉबिन्सन-रोलंड्सच्या खुन्यांना ओळखायला सांगितलं. तो म्हणाला मी ओळखू शकत नाही. त्यावर त्याच्यापुढे तयार जबानी ठेवली, ज्यात ठराविक दोघांना तो ओळखतो असं लिहिलेलं होतं. त्याने नकार दिला. बाहेर लोकांना चौकात फटके मारताहेत, वकिलांनासुद्धा पकडून आत टाकताहेत, डायर अजून शहरात आहे, अशा वेळी. त्याला फक्त सुटका हवी असती तर सही करून मोकळा झाला असता, आणि जमावाला वाचवायचं असतं तर पुलावर दगड फेकले गेले हे त्याने सांगितलं नसतं. पक्षपाती म्हणणाऱ्याला साक्षीतले हे दोन परिच्छेद शेजारी शेजारी ठेवून दाखवा. पुलाबद्दल हंटरच्या बहुमताने काहीही लिहिलं असलं तरी गोळी सुटली त्या क्षणी काय झालं यासाठी मी त्याच्याच शब्दाला जास्त वजन देतो.